चिकनगुनियाचं दुखणं समजून गेलेले पाच महिने: नागपुरातल्या एका रुमॅटॉइड संधिवाताचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४१ वर्षांच्या, पूर्व नागपुरात राहणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि इथे त्यांना नुसतं ‘ताई’ म्हटलं आहे. व्यवसाय लंबी रोटीचा. लग्नकार्य, तेरवी, रविवारच्या मटणाच्या पंगती, अशा ऑर्डरींवर घर चालतं. हे काम सगळं मनगटाचं आणि बोटांचं. लोकवन गव्हाचं बारीक चाळलेलं पीठ मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं, त्याला तार सुटेपर्यंत परातीत आपटून आपटून मळायचं. मग गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापलेल्या मडक्यावर टाकायचा. एका मोठ्या ऑर्डरीला तीन-चार तास हे थांबत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची मोठी लाट आली. सप्टेंबरमध्ये ताईंना ताप आला, अंगावर पुरळ आलं, सांधे धरले. घरातल्या आणखी दोघांना तेच झालं. रक्त कोणाचंच तपासलं नाही, कारण गल्लीत घरोघरी तोच ताप होता. बाकीचे दोघं महिन्याभरात बरे झाले. ताईंचे सांधे काही सुटले नाहीत.

अडचण

“चिकनगुनियाचं दुखणं सहा महिने राहतंच” असं शेजारीपाजारी सगळे सांगत होते, आणि ते खोटंही नव्हतं. काही रुग्णांमध्ये ते महिनोन्महिने टिकतं. त्यामुळे कोणी खोलात गेलं नाही. आधी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मग दर पंधरवड्याला एक ‘ताकदीचं’ इंजेक्शन आणि नोव्हेंबरपासून कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुड्या, दिवसाला तीन. पुड्यांनी जादू केल्यासारखा आराम पडला. दिवाळीनंतरच्या लग्नांच्या ऑर्डरी त्यांनी त्यावरच निभावल्या. पण दोन दिवस पुडी चुकली की सांधे पहिल्यापेक्षा जास्त आखडायचे.

जानेवारी २०२५ मध्ये त्या संधिवाताच्या ओपीडीत आल्या. तोवर सकाळी उठल्यावर मूठ वळायला दीड-दोन तास लागत होते. “चहाची कपबशी धरता येत नाही जी, बोटं आखडून राहिली,” ही त्यांची पहिली तक्रार. दुसरी पायांची: अनवाणी चाललं की चवड्याखाली खडे टोचल्यासारखं वाटायचं. वजन सहा किलो वाढलं होतं, चेहरा सुजला होता, दंडावर निळे डाग होते आणि रक्तदाब १४६/९२ होता. हे सगळं पुड्यांकडे बोट दाखवत होतं.

आंबट खाल्ल्याने वात वाढतो म्हणून दही, वरण आणि नागपुरात राहून संत्रीसुद्धा त्यांनी चार महिने सोडली होती. सुजेचा आंबटाशी संबंध नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईचं वरण मात्र बंद झालं होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

तपासणीत काय सापडलं

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हातानेच झाली. दोन्ही मनगटं सुजलेली. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाचे सांधे दोन्ही हातांना सुजलेले, दाबल्यावर मऊ, स्पंजासारखे. हाड वाढल्यामुळे येणारा कठीण उंचवटा वेगळा लागतो, तो इथे नव्हता. मधली पेरं दुखरी होती, नखाजवळची पेरं पूर्ण मोकळी. हातात हात घेऊन बोटांची मुळं आडवी हलकेच दाबली तर ताई कळवळायच्या. पावलाच्या चवड्यालाही तसंच.

रक्तात सूज दाखवणाऱ्या दोन्ही चाचण्या वाढलेल्या: ईएसआर ६८, सीआरपीही जास्त. रुमॅटॉइड संधिवातात (आरए) रक्तात सापडणाऱ्या दोन प्रतिपिंडांपैकी रुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह, आणि अँटी-सीसीपी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. हिमोग्लोबिन ९.२. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे आणि त्यातही सांधे-हाडं दुखतात, म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी चाचणी) केलं. ते निर्दोष निघालं. साठवलेलं लोह दाखवणारं फेरिटिन ३८ आलं. एरवी हा आकडा ठीक वाटला असता, पण अंगात सूज असताना फेरिटिन आपोआप चढतं. म्हणून सूज असूनही ३८ म्हणजे लोहाची कमतरता आहेच. उपाशीपोटी खाल्लेल्या वेदनाशामकांनी पोटातून रक्त जात असण्याची शक्यताही धरावी लागली.

हातांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांभोवतीचं हाड थोडं विरळ दिसत होतं, बाकी काही नाही. पायांच्या एक्स-रेमध्ये मात्र दोन्ही करंगळ्यांच्या मुळाशी हाडाची कड कुरतडलेली होती. आरएमध्ये झीज पुष्कळदा पायाच्या या सांध्यातच आधी दिसते. फक्त हातांचे फोटो काढून ‘झीज नाही’ असा शेरा मारला जातो, तो इथे साफ चुकला असता.

आजार शरीरात काय करतो

सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं. ते वंगण तयार करतं. आरएमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच अस्तरावर उलटते. अस्तर जाड होतं, त्यात पेशी आणि रक्तवाहिन्या वाढतात आणि ते कूर्चेवर पसरत जाऊन हाडाची कड खातं. अस्थिबंध सैल पडले की बोटं करंगळीकडे कलतात. ही झीज भरून येत नाही. औषधं ती थांबवतात, मागे नेत नाहीत. म्हणून पहिल्या काही महिन्यांना इतकी किंमत असते.

सूज सांध्यापुरती राहत नाही. तिच्यामुळे रक्त कमी होतं, थकवा येतो, डोळे कोरडे पडतात, काहींच्या फुप्फुसात जाळी धरते. मनगटात नस दाबली जाऊन रात्री बोटांना मुंग्या येतात, ताईंना त्या येत होत्या. वर्षानुवर्षं सूज राहिली तर हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून रक्तदाब आणि साखर बघणं हा आरएच्या उपचाराचाच भाग आहे. जुन्या आजारात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. अशा रुग्णाला कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावं लागतं.

पहिला निर्णय: चिकनगुनिया की आरए?

चिकनगुनियानंतरचा संधिवात याच सांध्यांना, असाच दोन्ही बाजूंनी धरू शकतो. चिकनगुनियाची आयजीजी चाचणी केली असती तर ती बहुधा पॉझिटिव्ह आली असती आणि काहीच ठरलं नसतं, कारण ती फक्त आजार होऊन गेल्याचं सांगते. रुमॅटॉइड फॅक्टरही विषाणूच्या तापानंतर काही काळ थोडा वाढलेला सापडतो. इतकी जास्त अँटी-सीसीपी मात्र नुसत्या चिकनगुनियाने सहसा येत नाही, आणि पायाच्या हाडाची झीज तिला दुजोरा देत होती.

२०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गुण मांडले: दहाहून जास्त सांधे ५, अँटी-सीसीपी जास्त ३, ईएसआर-सीआरपी वाढलेलं १, सहा आठवड्यांहून जास्त काळ १. एकूण १० पैकी १०. निदानाला ६ पुरतात. आजाराची तीव्रता मोजणारा डीएएस-२८ हा आकडा ६.७ आला. ५.१ च्या वर म्हणजे तीव्र.

चिकनगुनियानेच आरए जागा केला का, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. उपचार ठरवायला त्याची गरजही नव्हती.

दुसरा निर्णय: पुड्यांचं काय करायचं?

ताईंच्या नवऱ्याचं म्हणणं, “आजच फेकून देतो.” ते धोक्याचं होतं. पुडीत काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण लक्षणं स्टेरॉइडची होती. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जिवावर बेतणं.

तीन पर्याय होते. पुड्या चालू ठेवून हळूहळू कमी करणं; पण मात्राच माहीत नसताना कमी तरी किती करणार? एकदम बंद करणं. किंवा त्याच दिवशी पुड्या थांबवून माहीत असलेल्या मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करणं. तिसरा निवडला: १० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एकदाच. दोन आठवड्यांनी ७.५, मार्चपासून ५, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. शेवटची मात्रा बंद करण्याआधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासायचं, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं.

तिसरा निर्णय: मुख्य औषध

वेदनाशामक आणि स्टेरॉइड आराम देतात, पण दीर्घकाळ त्यांच्यावर विसंबून झीज रोखता येत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेट हे पहिल्या पसंतीचं औषध. ते गर्भाला घातक असतं. ताईंची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे स्वच्छ, यकृत ठीक, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन ०.८. अडथळा नव्हता.

सुरुवात आठवड्यातून एकदा १० मिलिग्रॅमने, दोन आठवड्यांनी रक्त तपासून १५. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ३०० मिलिग्रॅम रोज. त्याची मात्रा दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायची असते आणि ताईंचं वजन ६४ किलो. त्याचा परिणाम डोळ्यांच्या पडद्यावर होऊ शकतो, म्हणून तो आधीच तपासून घेतला.

मेथोट्रेक्सेटमध्ये सगळ्यात घातक चूक असते ती रोज घेण्याची. ‘आठवड्यातून एकदा’ हे वाक्य चिठ्ठीवर पुरत नाही, वार लिहावा लागतो. ताईंचा रविवार ऑर्डरींचा आणि दुसऱ्या दिवशी मळमळ होऊ शकते, म्हणून सोमवारी रात्र ठरली. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम बुधवारी. या दोन्ही गोळ्या पुष्कळदा बारीक आणि पिवळ्याच असतात, म्हणून डब्या वेगळ्या केल्या आणि मुलीने त्यांवर वार लिहून चिकटवले. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्याही एकाच ताकदीच्या दिल्या. घरात २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या पट्ट्या एकत्र आल्या की गोंधळ ठरलेलाच.

एप्रिलमध्ये डीएएस-२८ ४.९ होता. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासावर आला, पण तीन सांधे अजून सुजलेले. तीन महिन्यांत पुरेसा फरक नसेल तर थांबून बघायचं नाही, हा या आजाराचा नियम आहे. गोळ्यांनी मळमळ होत होती, म्हणून त्याच औषधाचं कातडीखालचं इंजेक्शन २० मिलिग्रॅम दर सोमवारी सुरू केलं.

मे महिन्यातली गुंतागुंत

मे महिना, पारा ४५ च्या आसपास, लग्नसराईच्या ऑर्डरी आणि चुलीसमोर उभं राहणं. ताईंना तीन दिवस हगवण-उलट्या झाल्या. ताप आणि कंबरदुखीसाठी घरच्यांनी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक आणलं. सोमवार आला तसं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शनही घेतलं, कारण ‘सोमवार चुकवायचा नाही’ हे पक्कं डोक्यात बसलेलं.

आठवड्याभरात तोंडभर फोड आले, पाणीही गिळवेना. पांढऱ्या पेशी २,६०० आणि प्लेटलेट्स ९८,००० वर घसरलेल्या, क्रिएटिनिन १.७ वर चढलेलं.

मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. अंगातलं पाणी आटलं, वर वेदनाशामकाने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटला. औषध शरीरात साचलं आणि ज्या पेशी भराभर तयार होतात, म्हणजे तोंडाचं अस्तर आणि अस्थिमज्जा, त्यांच्यावर पहिला घाव बसला. याच काळात कोट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक दिलं गेलं नाही हे नशीब. हगवणीला आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला ते सर्रास दिलं जातं, पण मेथोट्रेक्सेटसोबत ते मज्जा दाबून जिवावर बेतू शकतं.

भरती करून सलाईन दिलं, मेथोट्रेक्सेट आणि वेदनाशामक थांबवलं, दर सहा तासांनी मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिन १५ मिलिग्रॅम. प्रेडनिसोलोनची गोळी उलटीत पडत होती, म्हणून तेवढे दिवस शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, तेही स्टेरॉइडच. दहा दिवसांत पेशी सावरल्या.

चौथा निर्णय: पुन्हा तेच औषध?

घरच्यांना ते इंजेक्शन नको होतं, आणि त्यांची भीती रास्त होती. पर्याय होते टोफासिटिनिब किंवा लेफ्लुनोमाइड ही आरएवरची दुसरी औषधं, नाहीतर मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत पुन्हा सुरू करून जोडीला सल्फासॅलाझिन.

जेनेरिक मिळू लागल्यापासून टोफासिटिनिबचा खर्च आवाक्यात आला आहे. पण त्याने दबलेला क्षयरोग उठू शकतो, नागीणही निघू शकते. ताईंच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी त्याच घरात क्षयरोग झाला होता, आणि दबलेला क्षयरोग शोधणारी आयग्रा ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे आधी क्षयरोग प्रतिबंधक औषधं. त्यातल्या रिफामायसिन गटातल्या गोळ्या टोफासिटिनिबचा आणि प्रेडनिसोलोनचा असर कमी करतात, आणि आयसोनियाझिडचा यकृतावर भार येतो. हा मार्ग बंद केला नाही, पुढे गरज पडली तर राखून ठेवला. तोवर प्रत्येक भेटीत खोकला, ताप आणि वजन विचारायचं ठरलं. मेथोट्रेक्सेटच्या दणक्यानंतर इतक्यात लेफ्लुनोमाइडही नको वाटलं. ते देताना यकृत आणि रक्तपेशी दोन्हींवर नजर ठेवावी लागते आणि ते शरीरात फार काळ रेंगाळतं.

गुंतागुंत औषधाच्या नेहमीच्या मात्रेने झाली नव्हती, पाणी आटल्याने आणि वेदनाशामकाने झाली होती. हे घरच्यांना आकड्यांसकट, रिपोर्ट समोर ठेवून समजावलं. क्रिएटिनिन ०.९ वर येऊन महिनाभर स्थिर राहिल्यावर जुलैत १० मिलिग्रॅमने सुरुवात झाली, दर दोन आठवड्यांनी रक्त तपासत १५ वर थांबवलं. सल्फाची अ‍ॅलर्जी नाही आणि लाल पेशींतलं जी-सिक्स-पीडी हे विकर ठीक आहे हे पाहून सल्फासॅलाझिन ५०० मिलिग्रॅमपासून आठवड्याआठवड्याने वाढवत दिवसाला २ ग्रॅम केलं.

कामात केलेले बदल

रोटी सोडा, असं सांगणं सोपं होतं. पण घर त्यावर चालतं. म्हणून कामाचे तुकडे केले. पीठ आपटून मळणं मनगटाला सगळ्यात वाईट, ते नवऱ्याने घेतलं आणि नंतर पीठ मळायचं मशीन आलं. हातांवर रोटी लांबवणं हे कसबाचं काम ताईंकडेच राहिलं, मात्र सूज उतरल्यावर, आणि दर अर्ध्या तासाने थांबून. मडकं बोटांनी कडेला धरून उचलायचं नाही, दोन्ही हातांच्या कवेत घ्यायचं. रात्री मनगटाला पट्टा, त्याने मुंग्याही कमी झाल्या. पायात मऊ एमसीआर चप्पल, घरातसुद्धा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं मूठ उघडझाप करायची.

परिणाम

सप्टेंबर २०२५ मध्ये डीएएस-२८ २.८ आला. २.६ च्या खाली गेलं तर आजार शांत म्हणतात, म्हणजे हे अगदी उंबरठ्यावर. एकही सांधा सुजलेला नव्हता. हिमोग्लोबिन ११.४, रक्तदाब गोळीविना ताब्यात. कॉर्टिसॉल पाहून नोव्हेंबरमध्ये प्रेडनिसोलोन बंद झालं. वर्षाने काढलेल्या एक्स-रेत नवीन झीज नाही; करंगळ्यांच्या मुळाशी होती तेवढी तशीच आहे आणि राहील. ऑर्डरी निम्म्या घेतात. संत्री खातात.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी संधी ऑक्टोबर २०२४ अखेरची होती. ताप उतरून सहा आठवडे झाले तरी बोटांची मुळं सुजलेली आणि सकाळचा आखडलेपणा तासाभराचा, एवढ्यावर अँटी-सीसीपी, ईएसआर आणि पायांचा एक्स-रे करायला हवा होता. चिकनगुनियाच्या साथीत तर हा सहा आठवड्यांचा काटा जास्तच कडक पाळायला हवा, कारण तेव्हा प्रत्येक सांधेदुखीला तयार उत्तर हाताशी असतं. नुसती दुखरी हाडं आणि सुजलेला सांधा यांतला फरक गल्लीतल्या डॉक्टरांनाही हाताने दाबून कळू शकतो.

दुसरी जागा एप्रिलची. मात्रा वाढवून इंजेक्शन दिलं तो दिवस नागपुरात उन्हाळा सुरू होण्याचा होता. आजारपणात काय थांबवायचं याचं पान त्याच दिवशी हातात पडायला हवं होतं. ते मिळालं भरती झाल्यानंतर. त्या पानावर आता एवढंच आहे:

हगवण, उलट्या, ताप किंवा लघवी कमी: त्या आठवड्याचं मेथोट्रेक्सेट घेऊ नका. बरं वाटल्यावर फोन करून विचारा, मगच पुढचा सोमवार.

प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते थांबवू नका. उलटीत पडत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात या, इंजेक्शन लागेल.

वेदनाशामक आणि कोट्रायमोक्सॅझोल विचारल्याशिवाय नाही. दुकानात हे पान दाखवा. तापाला पॅरासिटामॉल चालेल.

तोंडात फोड, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला आणि धाप: थांबायचं नाही, लगेच या.

सल्फासॅलाझिनची मात्रा स्थिर झाल्यापासून पेशी, यकृत आणि क्रिएटिनिनची तपासणी दर १० ते १२ आठवड्यांनी चालू आहे. मार्चअखेरीस मात्र एक जादा तपासणी आणि पान पुन्हा वाचून घेणं, हे ताईंच्या फाइलवर कायमचं लिहिलं आहे.